मांडीवर मावेल तोच लॅपटॉप: निपाणी-बेळगाव रोज ये-जा करणाऱ्यांसाठी

गेली सहा वर्षं मी निपाणी-बेळगाव रोज ये-जा करतोय. बस चांगली लागली तर पावणेदोन तास, तवंदी घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर देवाला ठाऊक. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीचे हिशेब बघतो. जोडीला कन्नडमधले उतारे, नोटिसा, करारपत्रं मराठीत करून देतो. आपल्या सीमाभागात या कामाला मरण नाही. दिवसाचे साडेतीन-चार तास सीटवर जातात, म्हणून तिथं बसूनच काम उरकावं या हेतूनं या काळात तीन लॅपटॉप घेतले. पहिला बसमध्ये उघडायचाच नाही. दुसरा उघडायचा, पण चालायचा नाही. तिसरा बरा निघाला. पहिल्या दोघांत गेलेले पैसे तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पुढचं सगळं प्रवासात वापरायच्या मशीनबद्दल आहे. घरी टेबलावर ठेवून वापरायचा असेल तर यातलं निम्मं विसरून जा, मोठा स्क्रीन घ्या आणि सुखी व्हा.

१. दुकानात जाण्याआधी बसमध्ये जा

दुकानात लॅपटॉप ऐसपैस टेबलावर ठेवलेला असतो. आपण मात्र तो तीन जणांच्या सीटवर मधोमध बसून, पुढच्याच्या पाठीला टेकवून उघडणार असतो. माझा पहिला साडेपंधरा इंचाचा होता. दुकानात डौलदार दिसला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये झाकण उचललं तर अर्ध्यातच पुढच्या सीटला अडलं. स्क्रीन छातीकडे झुकलेला आणि मी मान वाकडी करून वर्गातल्या कॉपी करणाऱ्या पोरासारखा बघतोय. रुंदीला तो साधारण छत्तीस सेंटिमीटर, त्यामुळं शेजारच्या काकांच्या बरगडीत माझं कोपर. संकेश्वर यायच्या आधीच मी तो बंद करून पिशवीत घातला.

दुसऱ्यांदा शहाणपण आलं, पण अर्धवट. तिसऱ्यांदा मात्र पुठ्ठा कापला. तुम्हीही हेच करा. चौदा इंची मशीन साधारण बत्तीस सेंटिमीटर रुंद आणि बावीस सेंटिमीटर खोल असतं. या मापाचे दोन पुठ्ठे कापा, चिकटपट्टीनं वहीसारखे जोडा आणि एक दिवस ते घेऊन नेहमीच्या गाडीनं जा. मांडीवर ठेवून उघडा, टाइप केल्यासारखी बोटं हलवा. कोपर कुठं लागतं, झाकण किती मागं जातं, खड्ड्यात काय होतं, सगळं कळतं. लोक बघतील. मला शेजारच्या मावशींनी विचारलंच, "काय करूलास रे?" लॅपटॉप घ्यायचाय म्हणून माप बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "मग शिंप्याकडं जायचं की!" कंडक्टरचं लक्षच नव्हतं, तो आपला "मुंद होग्री, मुंद होग्री" (पुढं सरका) करत पुढं सरकला.

पुठ्ठा बसमध्ये मावला तर चौदा इंची घ्या. अडला तर तेरा इंचीकडं जा. त्याखाली मात्र उतरू नका, कारण पुढं सांगतो.

तुमच्या गाडीत उभं राहायची पाळी किती वेळा येते, तेही आठवडाभर मोजा. ११ जून २०२३ ला कर्नाटक सरकारची शक्ती योजना सुरू झाली, बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, आणि सकाळच्या गाड्या भरभरून जायला लागल्या. चांगलंच झालं, माझ्या बहिणीचाही महिन्याचा खर्च वाचतो. पण आठवड्यातले चार दिवस उभ्यानंच जाणार असाल, तर लॅपटॉप घेऊन तुम्ही फक्त वजन वाहणार. मग फोन आणि कानातला माइक पुरे.

खानापूर, लोंढा किंवा तिकडं घटप्रभा-रायबागकडून रेल्वेनं येणाऱ्यांचं जरा सोपं आहे. डबा कमी हादरतो आणि पुढच्या सीटची अडचण नसते. पण जनरल डब्यात चार्जिंगचा भरवसा धरू नका.

२. उन्हाची बाजू

हे कुठल्याच दुकानदारानं मला सांगितलं नाही, तीन महिने डोळे चोळून कळलं. निपाणीहून बेळगावला सकाळी जाताना गाडीचं तोंड दक्षिणेकडं असतं, ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडंच. म्हणून आपण ड्रायव्हरच्या बाजूला, उजवीकडं बसायचं. खानापूरकरांचं बरोबर उलटं: सकाळी उत्तरेला निघायचं, संध्याकाळी दक्षिणेला परतायचं, दोन्ही वेळा ऊन उजवीकडं. त्यांनी डावीकडं बसावं.

बाजू मिळाली नाही तर स्क्रीनच्या उजेडावर सगळं अवलंबून. हा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. स्वस्त मशीनला अडीचशे निट्स असतात, ते खिडकीशेजारी आरशासारखे होतात. स्क्रीनवर आपलंच तोंड. तीनशेच्या खाली जाऊ नका, चारशे मिळाले तर उत्तम. चकचकीत काचेपेक्षा मॅट स्क्रीन घ्या. पॅनल 'आयपीएस' आहे का विचारा. जुन्या 'टीएन' पॅनलमध्ये थोडं तिरकं बघितलं की रंग उडतात, आणि बसमध्ये आपण सरळ कधी बघतो? दुकानात ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. मशीन उचलून दारापर्यंत न्या. दुकानदार कुरकुरेल, तरी न्या.

३. काम काय, ते कागदावर लिहा

"सगळंच करतो" हे उत्तर नाही. मी रोज खरोखर उघडतो ते प्रोग्रॅम लिहिले तर पाचच निघाले: टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, ब्राउझर, वर्ड आणि नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर). यातून लगेच काही फाटे मिटतात.

टॅली विंडोजवर चालतं, म्हणून क्रोमबुक आणि कीबोर्ड लावलेला टॅबलेट बाद. ज्यांना फक्त मेल, गुगल डॉक्स, ऑनलाइन क्लास एवढंच लागतं, त्यांना टॅबलेट खरंच सोयीचा. पण मांडीवर त्याचा स्टँड टिकत नाही, खड्ड्यात मागं कलंडतो.

स्नॅपड्रॅगन चिपची नवी विंडोज मशीन आली आहेत. बॅटरी छान चालते, तापत नाहीत. पण जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन लावत असाल, ऑफिसात जुना प्रिंटर असेल, तर त्यांचा ड्रायव्हर (ते मशीनला जोडून देणारं सॉफ्टवेअर) या चिपसाठी वेगळा बनवलेला लागतो. तो आहे का हे आधी बघा. माझ्यासारख्या हिशेबवाल्यानं सध्या इंटेल किंवा एएमडीवरच राहावं असं माझं मत.

याच ठिकाणी माझ्या दुसऱ्या चुकीची गोष्ट. पहिल्याला कंटाळून साडेअकरा इंची, स्वस्त, खेळण्यासारखा लॅपटॉप मागवला. मांडीवर अगदी बसला. पण त्यात एसएसडी (वेगवान साठवण) नव्हती, 'ईएमएमसी' नावाची संथ, चौसष्ट जीबीची साठवण होती. विंडोजनं निम्मी जागा पहिल्याच दिवशी खाल्ली. चार जीबी रॅम. टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की यमकनमर्डी ते काकती नुसतं गोल फिरणारं चक्र बघत जायचं. कळा इतक्या बारीक की एक दाबली तर दोन उमटायच्या. म्हणून म्हटलं, तेराच्या खाली नको.

४. ळ तपासा (म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही)

आपल्या भागात हा मुद्दा वेगळा लिहायलाच हवा. पुण्याच्या माणसाला मराठी आणि इंग्रजी पुरतं, आपल्याला तीन भाषा लागतात. घरच्यांना मराठी, तालुका ऑफिसला कन्नड, कंपनीला इंग्रजी.

विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड आतच असतात, विकत काही घ्यावं लागत नाही. सेटिंगमध्ये भाषा जोडा. मग विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. मी सगळ्यांना इनस्क्रिप्ट ही टायपिंगची पद्धत शिकायला सांगतो. तिची मांडणी भारतीय लिप्यांना समान आहे. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत क येतो, कन्नड निवडल्यावर त्याच कळीवर कन्नडचा क. 'जे'वर र, 'एल'वर त. शिफ्ट धरून 'एन' दाबली की ळ, दोन्ही भाषांत. बोटं एकदाच शिकवायची आणि दोन लिप्या हातात. मला तीन आठवडे लागले, तेही बसमध्येच.

सरकारी ऑफिसांतून येणाऱ्या जुन्या कन्नड फायली बऱ्याचदा नुडीच्या जुन्या फाँटमध्ये असतात. नुडी कन्नड गणक परिषदेनं बनवलेलं आहे. तो फाँट मशीनवर नसेल तर फाइल उघडल्यावर चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल बिघडली म्हणून घाबरू नका, फाँट टाका. जुन्या मराठी फाँटमधल्या लग्नपत्रिका आणि अहवालांचंही तेच. आपण स्वतः लिहिताना मात्र युनिकोडच (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) वापरा, म्हणजे समोरच्याच्या फोनवरही ते नीट दिसेल.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर मराठी अक्षरं सहसा छापलेली मिळत नाहीत. स्टिकर मिळतात, पण घामानं महिन्याभरात सरकतात. त्यापेक्षा मांडणीचं चित्र काढून झाकणाच्या आत चिकटवा. आणि कीबोर्डला मागून दिवा असू द्या. हिवाळ्यात सहाच्या गाडीत आतला दिवा लावला की झोपलेले प्रवासी ओरडतात.

५. आकडे, जे बघायचे ते

वजन: मशीन चौदाशे ग्रॅमच्या आत. पण एकट्या मशीनचं वजन फसवं असतं. चार्जर, डबा, लिटरभर पाणी, छत्री, सगळं भरून पिशवी ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. माझी पहिली पिशवी सहा किलो भरली होती. पाठदुखीचं कारण डॉक्टरआधी वाण्यानं सांगितलं.

रॅम: सोळा जीबी. आठवर भागेल असं दुकानदार सांगतील, आज भागेलही. पण बारीक मशीनमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. वाढवता येते का, हे त्या मॉडेलपुरतं विचारून घ्या.

साठवण: ५१२ जीबी एसएसडी. 'ईएमएमसी' हा शब्द दिसला की पाठ फिरवा.

बॅटरी: "दहा तास चालते" याला अर्थ नाही. वॉट-अवरचा आकडा विचारा. पन्नास वॉट-अवरची बॅटरी, आणि हिशेब-टायपिंगला मशीन तासाला सात ते दहा वॉट-अवर खातं असं धरलं, तर पाच ते सात तास. उजेड पूर्ण वाढवला, फोनचं हॉटस्पॉट जोडलं की ते आणखी घटतं. चाळीसच्या खाली घेऊ नका.

चार्जिंग: सी-टाइपवरून चार्ज होणारंच घ्या. मग एकाच पासष्ट वॉटच्या चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात, आणि चार्जर घरी विसरला तर ऑफिसात कुणाचा तरी मिळतो. पॉवर बँक घ्यायची असेल तर वीस हजार एमएएच म्हणजे साधारण चौऱ्याहत्तर वॉट-अवर, त्यातलाही काही भाग वाटेत वाया जातो. ती 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारी) असावी, किमान पंचेचाळीस वॉटची. साधी फोनची पॉवर बँक लॅपटॉपला ढिम्म हलवत नाही.

पोर्ट: एक तरी जुना चौकोनी यूएसबी असू द्या. डिजिटल सहीचा टोकन बहुतेक वेळा त्यातच बसतो. हब लटकवून बसमध्ये काम करणं म्हणजे सर्कस.

बिजागरी: एका बोटानं झाकण उघडून बघा, मग मशीन थोडं हलवा. झाकण डुलत राहिलं तर आपल्या रस्त्यांवर ते वर्षभरात ढिलं होणार.

जुनं घेणार असाल तर एक अट पक्की ठेवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची चिप लागते. "चालतं की हो, करून देतो" म्हणणारे सातव्या पिढीवरही बसवून देतात, पण ते कंपनीच्या नियमाबाहेरचं. आणि बॅटरी रिपोर्ट तुमच्यासमोर काढायला सांगा. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही त्यात येतात. आताची निम्म्यावर असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

६. बेळगाव, कोल्हापूर की ऑनलाइन?

निपाणीकराला कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. "तिकडं टॅक्स कमी" असं जुने लोक अजून सांगतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून त्यात अर्थ उरला नाही. लॅपटॉपवर दोन्हीकडं अठरा टक्केच. फरक पडला तर दुकानदाराच्या सवलतीचा.

पण तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर इथं खड्डा आहे. आपला कर्नाटकातला नंबर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं. तिथल्या दुकानानं बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) लावला, तर त्या कराचं क्रेडिट (भरलेला कर वजा करून घेणं) तुम्हाला इथं घेता येत नाही. आधीच सांगून तुमच्या नंबरावर, कर्नाटकच्या पत्त्यावर, आयजीएसटीचं (दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराचं) बिल करून मागा. करत नसतील तर बेळगावातच घ्या.

वॉरंटीचा फटका मला दुसऱ्याच बाजूनं बसला. "घरी येऊन दुरुस्ती" असं दुकानात छातीठोक सांगितलं होतं. बिजागरी मोडल्यावर फोन केला तर उत्तर: तुमचा पिनकोड यादीत नाही, मशीन सेंटरवर आणा. नऊ दिवस कागदावर हिशेब लिहिला. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर किंवा हेल्पलाइनवर आपला पिनकोड तपासा. निपाणीचा ५९१२३७, खानापूरचा ५९१३०२. बेळगाव शहराला सेवा मिळते म्हणजे तालुक्याला मिळतेच असं नाही. ऑफिस शहरात असेल तर वॉरंटीला ऑफिसचा पत्ता देणं शहाणपणाचं.

पत्त्याचीही एक गंमत आहे. जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झालं, पण काही साइटवर यादीत अजून जुनंच इंग्रजी नाव असतं. निपाणीचं इंग्रजी स्पेलिंगही कुठं एका 'पी'नं, कुठं दोन. शोधून मिळालं नाही म्हणून शेजारचा तालुका निवडू नका, पिनकोड टाकून बघा.

ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, लेबलवरचा सीरियल नंबर त्यात येऊ द्या.

७. सोबत न्यायचे कागद

रोखीनं किंवा यूपीआयनं घेत असाल तर फक्त नाव, पत्ता आणि असेल तर जीएसटी नंबर. हप्त्यावर घेत असाल तर:

- आधार, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत, कारण ओटीपी त्यावरच येतो
- पॅन
- बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- काही ठिकाणी पगाराची चिठ्ठी किंवा तीन ते सहा महिन्यांचं स्टेटमेंट

इथं बरेच जण अडकतात ते नावावर. आधारवर आडनाव शेवटी, पॅनवर आडनाव आधी, एकावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर. कन्नडमधून इंग्रजीत येताना एखादं 'ए' जास्तीचं चिकटतं. हप्त्याचा अर्ज तिथंच थांबतो. आदल्या रात्री दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा.

"बिनव्याजी हप्ता" म्हटलं की रोख किंमतही विचारा. बऱ्याचदा रोखीला मिळणारी सवलत हप्त्यावर मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी असते.

मशीन हातात आल्यावर तिथंच सुरू करा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. आजच्या तारखेऐवजी चार महिन्यांपूर्वीची दिसली, तर काउंटरवर मांडलेला पीस तुम्हाला देत असतील. बदलून मागा, नाहीतर बिल लावून तारीख दुरुस्त करून घ्या. बिलाचा फोटो स्वतःलाच मेल करा. थर्मल कागदावरचं बिल वर्षात पांढरं होतं.

८. पिशवी आणि पाऊस

पाऊस आपल्याकडं आडवा येतो, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. बसची खिडकी बंद होत नाही हे गृहीत धरा. पिशवीला पावसाचं कव्हर, आत फोमचं पाकीट, आणि त्याच्याही आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. डबा आणि लॅपटॉप एका कप्प्यात कधीच नको. पाहुण्यांसाठी नेलेल्या कुंद्याच्या (बेळगावी मिठाई) खोक्यातलं तूप माझ्या चार्जरच्या पिनेत शिरलं होतं. मशीन ओलं झालंच तर सुरू करून बघायचा मोह आवरा, बंद ठेवून दुरुस्तीवाल्याकडं न्या.

पिशवी मांडीवर किंवा पायात, वरच्या रॅकवर नाही. झोप लागते तेव्हा पट्टा पायात अडकवतो मी.

९. पहिल्या आठवड्यात करायचं

विंडोज बहुतेक नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. मशीन चोरीला गेलं तर ते चांगलंच, पण त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडायचा आकडा) कधीतरी मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते; खातं कुठल्या मेलवर उघडलं ते लिहून ठेवा. दुकानातल्या पोरानं स्वतःच्या मेलवर उघडून दिलं असेल तर आजच बदला.

घाटात आणि जंगलपट्ट्यात नेटवर्क जातं. ज्या फायली लागणार त्या निघण्याआधी मशीनवर उतरवून घ्या. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी.

आणि पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' (काम साठवून मशीन पूर्ण बंद होणं) निवडा. स्लीपमध्ये मशीन पिशवीत जागं राहतं आणि तापतं. मी एकदा काकतीला झाकण लावून पिशवीत टाकलं, ऑफिसात बाहेर काढलं तर भाकरीच्या तव्यासारखं गरम आणि बॅटरी निम्म्यावर. हा पर्याय कंट्रोल पॅनलमध्ये आत कुठंतरी लपवलेला असतो. बस सुटायची वाट बघत बसलात की शोधून काढा.